बर्फात गोठलेल्या ‘फ्राम’ जहाजावरील जीवन आणि नौकानयन (१८९३–१८९६): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकात उत्तर ध्रुवाच्या दिशेने गेलेली बहुतेक जहाजे बर्फात अडकली ती नाइलाजाने, आणि त्यांतील कित्येकांचा शेवट तिथेच झाला. नॉर्वेचे ‘फ्राम’ हे जहाज मात्र बर्फात अडकवण्यासाठीच बांधले गेले होते. तेरा माणसे घेऊन ते सप्टेंबर १८९३ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेस गोठले आणि ऑगस्ट १८९६ मध्ये स्पिट्सबर्गेन बेटाच्या वायव्येस मोकळ्या पाण्यात बाहेर पडले. या मोहिमेविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ध्रुवापर्यंत कोण किती जवळ गेले, यापेक्षा इतका काळ जहाजावर रोज काय चालत होते, यावर येथे अधिक भर आहे, कारण या मोहिमेचे खरे मोल तिथे आहे असे आम्हांला मनापासून वाटते.

जहाज मुद्दाम बर्फात गोठवण्याची कल्पना कशी सुचली?

अमेरिकेचे ‘जेनेट’ हे जहाज १८७९ मध्ये बेरिंगच्या सामुद्रधुनीपलीकडे बर्फात सापडले, सुमारे २१ महिने बर्फाबरोबर वाहत गेले आणि जून १८८१ मध्ये न्यू सैबेरियन बेटांच्या उत्तरेस चिरडून बुडाले. तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याच जहाजावरच्या काही वस्तू ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ तरंगत्या बर्फावर सापडल्या. त्या वस्तू ध्रुवीय समुद्र ओलांडूनच तिथे पोहोचल्या असल्या पाहिजेत, असे नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन यांनी मांडले. ग्रीनलंडच्या किनाऱ्याला सैबेरियातील झाडांचे ओंडके लागतात, हेही ठाऊक होतेच. पुढे या मोहिमेचे प्रमुख झालेले फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी त्यावरून असा विचार केला की, बर्फ जर आपणहून या टोकापासून त्या टोकापर्यंत जात असेल, तर त्याच्याशी झगडण्याऐवजी त्याच्यात बसून जावे. १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीपुढे त्यांनी हा बेत मांडला, तेव्हा ध्रुवप्रदेशात आयुष्य घालवलेल्या अनेकांनी त्यावर शंका घेतल्या. अमेरिकेचे ध्रुवसंशोधक ग्रीली यांनी तर कडाडून विरोध केला. शंका अनाठायी नव्हत्या. दाबाखाली टिकेल असे जहाज तोवर कोणी बांधलेलेच नव्हते.

बर्फाच्या दाबाने ‘फ्राम’ फुटले कसे नाही?

उत्तर जहाजाच्या आकारात आहे. लाकडाची जाडी नंतर येते. कॉलिन आर्चर या जहाजबांधणीकाराने लार्विक येथे बांधलेले हे जहाज २६ ऑक्टोबर १८९२ रोजी पाण्यात उतरले. लांबी ३९ मीटर आणि रुंदी ११ मीटर, म्हणजे लांबीच्या मानाने ते फारच रुंद होते. बाजू गोलाकार ठेवल्या होत्या आणि कणा बाहेरून जेमतेम दिसेल इतकाच होता. बर्फाने दोन्ही बाजूंनी आवळले की त्याला पकडायला कडा किंवा कोपरा मिळू नये, आणि जहाजाने वाम माशासारखे त्या मिठीतून वर निसटावे, अशी ही योजना होती. ताकद अर्थातच होती. ओक लाकडाच्या थरांवर ग्रीनहार्ट या अतिशय टणक लाकडाचे बाह्य आवरण घालून बाजूंची जाडी साधारण ६० ते ७० सेंटीमीटर केली होती, नाळेकडे सव्वा मीटर भरीव ओक होते, आणि आतून तुळया व तिरप्या टेकूंचे दाट जाळे होते. सुकाणू आणि मळसूत्री पंखा ही कोणत्याही जहाजाची सर्वांत नाजूक अंगे. ती बर्फात सापडू नयेत म्हणून खास विवरांतून वर ओढून घेण्याची सोय केली होती.

या आकाराची किंमत खुल्या समुद्रात मोजावी लागली. लाटांत ‘फ्राम’ इतके लोळे की मुरलेल्या खलाशांनाही समुद्र लागत असे.

जहाज बर्फापर्यंत पोहोचले कसे?

२४ जून १८९३ रोजी क्रिस्तियानियाहून, म्हणजे आजच्या ओस्लोहून, ते निघाले. युगोर सामुद्रधुनीजवळच्या खाबारोवा येथे ३४ कुत्री घेतली, सैबेरियाच्या किनाऱ्याने पूर्वेकडे वाट काढली, १० सप्टेंबरला चेल्युस्किन भूशिर ओलांडले आणि सप्टेंबरच्या अखेरीस सुमारे ७८ अंश ५० मिनिटे उत्तर अक्षांशावर ते बर्फात पक्के बसले.

वाटेत तैमिर किनाऱ्याजवळ एक विलक्षण अडचण आली. पाणी शांत, यंत्र पूर्ण वेगात, तरी जहाज जागचे हलेना. खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर असला की चालत्या जहाजाची शक्ती त्या दोन थरांच्या सीमेवर, दृष्टीआड लाटा उठवण्यात खर्च होते, हे स्पष्टीकरण स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ व्हाग्न वाल्फ्रीड एकमान यांनी १९०४ मध्ये दिले. खलाशी अशा पाण्याला ‘मेलेले पाणी’ म्हणत.

रोजचा दिवस कसा जात असे?

सकाळी आठला सगळे उठत. न्याहारीनंतर दोघे-तिघे कुत्र्यांकडे जात, प्रत्येकाला अर्धा सुका मासा किंवा खास बिस्किटे घालत आणि त्यांना मोकळे सोडत. बाकीचे आपापल्या कामाला लागत, आणि काम पुष्कळ असे. डेकवर लोहाराची भट्टी होती, नकाशाच्या खोलीत पत्र्याचे काम चाले, जहाजाच्या पोटात सुतारकाम आणि दिवाणखान्यात चांभारकाम. लाकडी तळाच्या बुटांपासून वेधाच्या उपकरणांच्या नाजूक सुट्या भागांपर्यंत जे लागेल ते जहाजावरच बनत असे. स्वयंपाकघरात मदतीला पाळीपाळीने एकेकाची नेमणूक होई. दुपारी एकला जेवण, मग थोडी विश्रांती, पुन्हा काम, सहाला रात्रीचे जेवण. रोज तास-दोन तास बर्फावर स्कीवरून किंवा पायी हिंडणे हा दिनक्रमाचा भाग होता. रात्री दिवाणखान्यात पत्ते, वाचन, बाजाच्या पेटीवर कोणी तरी वाजवलेले सूर. धूम्रपानाला दिवाणखान्यात मनाई असल्याने तंबाखूवाल्यांची बैठक स्वयंपाकघरात भरे. मध्यरात्रीच्या सुमारास सगळे झोपत आणि एकेक जण तासाभराचा पहारा देई.

एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. त्या काळच्या बहुतेक जहाजांवर अधिकारी एकीकडे आणि खलाशी दुसरीकडे जेवत. ‘फ्राम’वर मोहिमेचे प्रमुख नान्सेन, कप्तान ऑटो स्वेर्द्रुप, डॉक्टर आणि भट्टीवाला हे सगळे एकाच दिवाणखान्यात, एकाच टेबलावर, तेच अन्न खात. इतकी वर्षे तेरा माणसांनी एकमेकांची तोंडे पाहत काढायची असतील, तर हा निर्णय ओकच्या तुळयांइतकाच भार पेलणारा होता, असे आम्ही मानतो.

बाहेर उणे ४० अंश असताना आत ऊब कशी राहत असे?

भिंतींना थरांवर थर होते: डांबर लावलेली लोकर, बूच, लाकडी फळ्या, पुन्हा जाड लोकर, हवाबंद लिनोलियम आणि त्यावर आतली फळी. काही थरांत रेनडियरचे केस भरलेले होते. वरच्या झरोक्याला तिहेरी काचा होत्या. आत येताना एकामागून एक छोटे दरवाजे उघडावे लागत आणि त्यांचे उंबरे मुद्दाम उंच ठेवले होते, म्हणजे थंड हवा सरळ आत शिरू नये. ध्रुवप्रदेशातील जुन्या जहाजांवर श्वासाची वाफ भिंतींवर गोठून अंथरुणे कायम ओली राहत आणि त्या ओलीने माणसे खचत. ‘फ्राम’चा दिवाणखाना मात्र कोरडा राहिला. हिवाळ्यात डेकवर तंबू ताणला जाई आणि जहाजाच्या बाजूंना बर्फ रचला जाई.

उजेडासाठी डेकवर पवनचक्की उभारून तिच्यावर वीज निर्माण केली जात होती. ऑक्टोबर १८९३ च्या अखेरीस, सूर्य दिसेनासा होत असतानाच, विजेचा दिवा प्रथम लागला. वारा नसला की तेलाचे दिवे होतेच. पुढे पवनचक्कीचे दाते झिजले आणि १८९५ मध्ये ती उतरवावी लागली.

खायला काय असे आणि कोणाला स्कर्व्ही का झाली नाही?

पाच वर्षे पुरेल इतका शिधा होता आणि तो नाना प्रकारचा होता. न्याहारीला कडक पाव, चीज, खारवलेले मांस, डुकराचे मांस, मुरंबा, कॉफी किंवा चॉकलेट. ताजा पाव आठवड्यातून काही दिवस भाजला जाई. दुपारी सूप, मांस किंवा मासे, बटाटे व डबाबंद भाज्या, आणि काही तरी गोड. सणावारी, विशेषतः १७ मे या नॉर्वेच्या संविधानदिनी, अडॉल्फ युएल हे आचारी खास बेत करीत आणि मंडळी झेंडे घेऊन बर्फावर मिरवणूक काढीत.

स्कर्व्ही म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार. पण तो नासलेल्या मांसातील विषामुळे होतो, असा तेव्हाच्या अनेक जाणत्यांचा समज होता. नान्सेन यांनीही तो समज धरून डबाबंद अन्नाची फार काळजी घेतली. हे निदान चुकीचे होते; क जीवनसत्त्वाची ओळख पटायला १९३० चे दशक उजाडावे लागले. पण आहारात लिंबाचा रस, क्लाउडबेरीसारखी फळे, भाज्या आणि शिकारीचे ताजे मांस होते, त्यामुळे परिणाम योग्य झाला. डॉ. हेन्रिक ब्लेसिंग दर महिन्याला प्रत्येकाचे वजन करीत व रक्त तपासत, आणि बहुतेकांचे वजन वाढतच गेले.

पिण्याचे पाणी कुठून येई?

समुद्राच्याच बर्फातून. ताजा बर्फ खारट असतो, पण एखादा उन्हाळा पाहिलेल्या जुन्या बर्फातील मीठ बरेचसे निथळून गेलेले असते. असे तुकडे फोडून आणून वितळवले जात.

जहाज हाकताच येत नव्हते, तर नौकानयन ते कसले?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. सुकाणू वर ओढलेले, यंत्र थंड, शिडे उतरवलेली. तरीही जहाज रोज कुठे तरी जात होते, कारण त्याच्या भोवतालचा बर्फ जात होता. कोणत्या दिशेला किती गेलो, हे डोळ्यांना कळत नसे. चहूकडे तोच बर्फ, तेच उंचवटे, काल होते तिथेच. म्हणून वेध घेणे हेच येथले नौकानयन होते, आणि नान्सेन यांच्या प्रवाहाच्या सिद्धान्ताचा खरेखोटेपणाही त्या वेधांवरच ठरणार होता.

ही जबाबदारी नौदलातील लेफ्टनंट सिगुर्ड स्कॉट हान्सेन यांच्यावर होती. ढग नसले की साधारण दर दुसऱ्या दिवशी सूर्याचे किंवा ताऱ्यांचे वेध घेतले जात, हवामानाच्या नोंदी रात्रंदिवस दर चार तासांनी होत. खुल्या समुद्रावर सेक्स्टंट या कोनमापक उपकरणाने सूर्याची उंची क्षितिजापासून मोजतात. येथे क्षितिज म्हणजे बर्फाच्या ढिगाऱ्यांची वाकडीतिकडी रेघ. म्हणून पसरट भांड्यातील पाऱ्याच्या आरशासारख्या पृष्ठभागाचा कृत्रिम क्षितिज म्हणून उपयोग करावा लागे किंवा बर्फावर थिओडोलाइट, म्हणजे तिपाईवरचे दुर्बीण असलेले कोनमापक, मांडावे लागे. पण पारा उणे ३९ अंशांच्या आसपास गोठतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत पाऱ्याचे तापमापकही निकामी होत आणि मद्यार्काचे वापरावे लागत. भिंगावर श्वास पडला की लगेच हिमाचा थर धरे. धातूचा स्क्रू उघड्या बोटांनी फिरवला तर कातडी चिकटे, आणि जाड मोज्यांनी तो फिरेना. अशा स्थितीत एका ताऱ्याची उंची चापाच्या मिनिटापर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत, अचूक टिपणे म्हणजे काय असेल, याचा विचार केला की त्या नोंदवह्यांतल्या कोरड्या आकड्यांविषयी आदर दाटून येतो.

दोन वेधांच्या मधल्या काळात ढग असले, तर आणखी एक साधे साधन होते. बर्फाच्या भोकातून खाली लांब दोरी सोडलेली असे आणि तिच्या टोकाला तोंड उघडे असलेली कापडी पिशवी. खालचे पाणी तुलनेने स्थिर, वर बर्फासह जहाज सरकणारे. दोरी ज्या बाजूला कलेल त्याच्या उलट दिशेला आपण चाललो आहोत, एवढे त्यावरून कळे. मंडळी रोज उत्सुकतेने ती दोरी पाहून येत.

रेखांश कसा काढत?

त्यासाठी अचूक वेळ लागते, म्हणजे क्रोनोमीटर ही अतिशय अचूक घड्याळे आणि त्यांची पडताळणी. गुरूच्या उपग्रहांची ग्रहणे आणि चंद्राची स्थिती आकाशात घड्याळाचे काम करतात. ६ एप्रिल १८९४ रोजी सूर्यग्रहण होते. त्यासाठी दुर्बिणी लावून मंडळी बसली आणि घड्याळांतला फरक अवघ्या काही सेकंदांचा निघाला. इतक्या उंच अक्षांशावर एक सवलतही मिळते. घड्याळ एक मिनिट चुकले तर रेखांश पाव अंशाने चुकतो; विषुववृत्तावर ही चूक सुमारे २८ किलोमीटरची होते, पण ८० अंशांवर रेखावृत्ते जवळ आल्याने ती पाच किलोमीटरच्या आत राहते.

घड्याळाचे मोल कळायला नान्सेन आणि याल्मार योहान्सेन यांचा अनुभव पुरे आहे. ते दोघे जहाज सोडून बर्फावरून चालत असताना, एप्रिल १८९५ मध्ये थकव्याच्या भरात दोघांच्याही घड्याळांना किल्ली द्यायची राहिली आणि ती बंद पडली. तिथून पुढे त्यांचा रेखांश अंदाजावर आला, आणि महिनोन्‌महिने आपण नेमक्या कोणत्या बेटांवर आहोत हेच त्यांना कळेना.

ध्रुवीय रात्रीत सूर्य केव्हा दिसेनासा झाला, केव्हा परतला?

पहिल्या हिवाळ्यात तो ऑक्टोबर १८९३ च्या अखेरीस मावळला आणि फेब्रुवारी १८९४ च्या तिसऱ्या आठवड्यात उगवला. मात्र १६ फेब्रुवारीला, सूर्य प्रत्यक्ष क्षितिजाखाली असतानाच, त्याचे प्रतिबिंब वर दिसले. आधी एक चपटी लाल रेघ, मग एकीवर एक अशा अनेक रेघा. थंड हवेच्या थरांतून किरण वाकल्याने असे घडते, आणि याच कारणाने क्षितिजालगतच्या वेधांवर फार विसंबता येत नाही.

बर्फ ठरल्याप्रमाणे वाहिला का?

सुरुवातीला मुळीच नाही, आणि तो काळ सर्वांत कठीण होता. पहिल्या सहा-सात आठवड्यांत जहाज उलटे, दक्षिणेकडे सरकले. नोव्हेंबर १८९३ मध्ये ते ७८ अंशांच्याही खाली आले होते. ८० अंश ओलांडायला १८९४ चा फेब्रुवारी उजाडला, आणि ८३ अंश गाठेपर्यंत ते वर्ष सरत आले. वाट नागमोडी होती, पण एकूण कल वायव्येकडे, म्हणजे अपेक्षेप्रमाणेच होता. नोव्हेंबर १८९५ मध्ये जहाज ८५ अंश ५५ मिनिटांच्या पुढे पोहोचले.

या संथ वाहण्यातूनच मोठे शोध लागले. ध्रुवाभोवतीचा समुद्र उथळ असेल या समजुतीने खोली मोजायची दोरी आखूडच आणली होती. ती तळाला लागेना. तेव्हा जहाजावरचा पोलादी दोर उसवून, त्याचे पीळ सुटे करून, जोडून हजारो मीटरची नवी दोरी वळली गेली, तीही उघड्या बर्फावर, कडाक्याच्या थंडीत. खोली ३,००० मीटरहून अधिक भरली. पृष्ठभागाच्या गोठणबिंदूजवळच्या पाण्याखाली अटलांटिकमधून आलेला तुलनेने उबदार पाण्याचा थर सापडला. आणि बर्फ वाऱ्याच्या दिशेला न जाता तिच्या उजवीकडे २० ते ४० अंशांनी कलून जातो, हे नान्सेन यांनी वेधांवरून ताडले. पृथ्वीच्या परिवलनाने हे होते हे एकमान यांनी गणिताने सिद्ध केले. समुद्रशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आज ते शिकावे लागते.

बर्फाचा दाब आला की काय होई?

आधी दूरवर घरघर, मग जहाजाच्या लाकडातून कंप, मग कानठळ्या बसवणारी गर्जना. जाड लाद्या एकमेकींवर चढून त्यांचे बांध तयार होत. पहिले मोठे दाब ऑक्टोबर १८९३ मध्येच आले आणि जहाज अपेक्षेप्रमाणे वर उचलले गेले. तो पडताळा मिळाल्यावर मंडळी पुढे दाबाच्या आवाजातही पत्ते खेळत राहत.

जानेवारी १८९५ चा प्रसंग मात्र वेगळा होता. जहाज तेव्हा सुमारे नऊ मीटर जाडीच्या बर्फात घट्ट रुतलेले होते, आणि डाव्या बाजूने बर्फाचा एक बांध रोज जवळ येत होता. घसरगाड्या, कायाक नावाच्या छोट्या होड्या आणि शिधा बर्फावर सुरक्षित जागी नेण्यात आला, माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी झोपू लागली. अखेर बांध कठड्यावरून आत कोसळला आणि डेकवरचा तंबू बर्फाखाली दबला. कुत्र्यांना घाईने मोकळे करावे लागले. मग खालून जहाज त्या पकडीतून सुटले आणि वर आले. आत पाहणी केली तेव्हा एकही तुळई मोडलेली नव्हती.

अस्वलांचा धोका होता का?

होता. डिसेंबर १८९३ च्या काळोखात एक अस्वल शिडीवरून चक्क जहाजावर चढून कुत्री उचलून नेऊ लागले. शोधायला निघालेल्या पेडर हेन्रिक्सन यांच्यावर त्याने झडप घातली. हातात बंदूक नव्हती, म्हणून त्यांनी कंदीलच त्याच्या डोक्यात हाणला आणि पळ काढला. बाकीचे बंदुका घेऊन धावले, तर गंज चढू नये म्हणून नळ्यांत कोंबलेले बोळे व गोठलेले वंगण निघता निघेना. शेवटी योहान्सेन यांच्या गोळ्यांनी अस्वल पडले. त्याच सुमारास, १३ डिसेंबरला, तेरा माणसांच्या या जहाजावर ‘क्विक’ या कुत्रीला तेरा पिल्ले झाली.

माणसांची मने कशी टिकली?

सहज नाही. ग्रंथालय होते, डॉक्टरांनी हाताने लिहिलेले वर्तमानपत्र सुरू केले होते, वाढदिवस साजरे होत. तरी कुरबुरी, उबग आणि घराची ओढ चुकली नाही. नान्सेन यांच्या स्वतःच्या रोजनिशीत निराशेची पाने पुष्कळ आहेत.

नान्सेन जहाज सोडून का गेले?

‘फ्राम’ ध्रुवावरून जाणार नाही हे वेधांवरून स्पष्ट झाल्यावर ते आणि योहान्सेन १४ मार्च १८९५ रोजी ८४ अंशांवरून २८ कुत्री, तीन घसरगाड्या आणि दोन कायाक घेऊन निघाले. एप्रिलमध्ये ८६ अंश १४ मिनिटांच्या जवळ जाऊन ते फिरले. शिधा संपत गेला तशी एकेक कुत्री मारून उरलेल्यांना घालावी लागली. हा भाग वाचताना आजही जीव कासावीस होतो. फ्रान्झ योसेफ लँड या बेटसमूहात दगड आणि वॉलरसच्या कातड्यांच्या झोपडीत हिवाळा काढल्यावर जून १८९६ मध्ये त्यांना इंग्रज संशोधक फ्रेडरिक जॅक्सन भेटले. जहाज आणि मागे राहिलेली बाकीची दहा माणसे स्वेर्द्रुप यांनी सांभाळली. त्यांना मिळावे तितके श्रेय अजून मिळालेले नाही.

जहाज बर्फातून सुटले कसे?

१८९६ च्या उन्हाळ्यात सुरुंग लावून भोवतालचा बर्फ फोडला, बॉयलर पेटवला आणि फटी शोधत, रेटत, थांबत दक्षिणेकडे वाट काढली. १३ ऑगस्टला मोकळे पाणी लागले. योगायोगाने त्याच दिवशी नान्सेन आणि योहान्सेन नॉर्वेत व्हार्डोला उतरले. आठवडाभराने ट्रॉम्सो येथे तेराही जण पुन्हा भेटले.

या पद्धतीचा आज उपयोग होतो का? भारताचा काही संबंध आहे का?

‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधन जहाज २०१९–२० मध्ये ‘फ्राम’प्रमाणेच मुद्दाम बर्फात अडकवून वर्षभर वाहू दिले गेले. भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून स्पिट्सबर्गेनवरील न्यू-ऑलेसुंड येथे आहे आणि त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. तेथील कोंग्सफ्योर्डमध्ये २०१४ साली बसवलेली ‘इंडआर्क’ ही पाण्याखालची यंत्रणा तापमान आणि क्षारता मोजते. अटलांटिकचे जे उबदार पाणी ‘फ्राम’वरच्या मंडळींना थंड थराखाली सापडले, त्याच्याच हालचालींचा अभ्यास त्यातून होतो.

‘फ्राम’ आज पाहता येते का?

होय. ओस्लोतील बिग्डॉय येथे १९३६ साली उघडलेल्या संग्रहालयात ते संपूर्ण जतन केले आहे. डेकवर चढता येते आणि खाली उतरून केबिन, दिवाणखाना व जहाजाच्या पोटातील टेकूंचे जाळे जवळून पाहता येते. वेळ कमी असेल तर आधी खाली उतरावे. बाजूंची जाडी आणि दिवाणखान्याचा लहानपणा छायाचित्रांत नीट कळत नाही.